शेजारची सीट

ब्रेकबाईंनी गाडीचं दार उघडलं, आत बसल्या, पट्टा लावला आणि सवयीने उजवा पाय पुढे केला. पायाला काहीच लागलं नाही. बाहेर नवरोबा दाराशी ताटकळत उभे होते, आणि त्यांच्या मागे शोरूममधली मुलगी, हातात किल्ली घेऊन.

"अगं, तू इथे बसलीस तर चालवणार कोण? मी?" नवरोबा म्हणाले.

मुलगी खुदकन हसली. ब्रेकबाई जीभ चावून खाली उतरल्या. त्यांचा तरी काय दोष! वीसेक वर्षं त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होत्या, आणि शिकवणारीची जागा कायम शेजारच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. शिकणारा गडबडला की बाईंनी तो दाबायचा. अर्ध्या शहराला त्यांनी असं थांबवलं होतं, म्हणून तर हे नाव पडलं. स्वतःची गाडी मात्र कधी घेतलीच नव्हती.

आणि आता मन बसलं होतं ते या गाडीवर. बुटकी, पिवळीधमक, दोनच दारं, आणि नुसता पाय टेकवला की सुसाट सुटणारी. रोज स्कूलला जायला, बाजारहाट करायला. जाऊबाईंनी ऐकल्याबरोबर कपाळावर हात मारून घेतला होता. "या वयात? अगं, घरी पोचेपर्यंत टोमॅटोचा लगदा होईल!" साठवलेल्या पैशांत एखादी जुनी, पोक्त गाडी सहज आली असती. हिच्यासाठी कर्ज काढावं लागणार होतं. पाच वर्षं हप्ते, आणि कागदावर जामीन म्हणून नवरोबांची सही.

खरं दुखणं तिथेच होतं. नवरोबांना विचारावं तर एकच उत्तर. "तुला योग्य वाटेल ते कर." घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता बोलायचे. नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. पण हे ना हो, ना नाही! एवढ्या मोठ्या कर्जाचा विचार मी एकटीनेच करायचा का, म्हणून बाई महिनाभर आतल्या आत धुमसत होत्या. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, नाहीतर या गाडीचा नाद सोडायचा, असं ठरवूनच त्या नवऱ्याला ओढून घेऊन आल्या होत्या.

त्यात नवरोबा गाडीत बसायला एक नंबरचे भित्रे. भावाच्या गाडीत बसले की दोन्ही हातांनी वरची कडी धरायचे आणि पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचे. बसमध्ये कधी डुलकी म्हणून नाही. बाईंच्या शेजारी बसायचा योगच आला नव्हता, कारण स्कूलच्या गाडीत घरच्यांना बसवायला बंदी.

बाई स्टिअरिंगवर बसल्या, नवरोबा शेजारी, आणि मुलगी मागे कशीबशी मावली, गुडघे हनुवटीला टेकवून. "मॅडम, जरा दाबा ना! पिकअप तर बघा!"

बाईंनी दाबलं. गाडी अशी निघाली की त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. शहराबाहेर गोदामांच्या मागे लांबलचक रिकामा रस्ता होता. वळणं बोटाच्या इशाऱ्यावर होत होती. बाईंचं मन नुसतं नाचत होतं, पण शेजारी बघायचा धीर होत नव्हता. तिथे पांढराफटक चेहरा दिसला असता आणि सगळ्या हौसेवर पाणी पडलं असतं.

एवढ्यात एका फाटकातून एक ट्रक मागे मागे येत थेट रस्त्यावर आला. बाईंनी कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागे मुलगी किंचाळली. शेजारून मात्र हूं की चूं नाही.

बाईंची नजर सवयीने शेजारच्या पायांकडे गेली. शिकवताना त्या चेहरा कधी बघत नसत. माणूस तोंडाने "छे, मी कुठे घाबरलो" म्हणतो, तेव्हा पाय लटलटत असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण पाय खाली नव्हतेच. खाली नुसते बूट होते. नवरोबा सीटवर चक्क मांडी घालून बसले होते, मान एका बाजूला कललेली, एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. झोपले होते! धक्क्याने त्यांनी एक डोळा किलकिला केला. समोरचा ट्रक बघितलाच नाही. स्टिअरिंगवर बाई आहेत एवढं बघितलं, आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसल्या होत्या. एक क्षण कुणावर भरवसा टाकला नव्हता. आणि हा माणूस! बाईंनी नोकरी धरली तेव्हा, लेकीला लांब शिकायला पाठवलं तेव्हा, दर वेळी हेच. तुला योग्य वाटेल ते कर. बाईंना एकदम भरून आलं. काय माणूस मिळाला आपल्याला, आणि आपण महिनाभर त्याच्यावरच डोळे वटारून बसलो! त्यांनी मनगटाने डोळे पुसले. परत येताना गाडी इतकी हळू चालवली की मागची मुलगी कंटाळून गेली.

शोरूमच्या दारात गाडी थांबली तसे नवरोबा जागे झाले. "आलो? इतक्यात?"

"मॅडम, मग काय ठरलं?" मुलीने विचारलं. "साहेबांचं काय मत?"

"काढ कागद," बाई म्हणाल्या. "यांनी सांगितलं मघाशीच, घे म्हणून."

"मी? मी कधी काय बोललो?" सीटखाली दुसरा बूट चाचपडत नवरोबा म्हणाले.