चाळाचं वावर

"पाय इतका हलका नोको टाकू," दुर्गाबाई म्हणाली. "दंडारीतली बाई आहे ती. लोण्यावर चालून राहिली का?"

तिची बोटं पुन्हा परातीवर पडू लागली. सारवलेल्या भुईवर घुंगरांचे चाळ बांधलेले पाय पुन्हा गोल फिरले. दुर्गाबाईची पाठ मोडून आली होती, डोळे चुरचुरत होते. ठेका मात्र सुटला नाही.

या घरात सासरा नाचला, नवरा नाचला, मग लेक सूर्यभान नाचला. शिमग्याला पाटलाच्या दारापुढे दंडारीचा पहिला नाच या घरच्या गड्यानं बाईचं सोंग घेऊन करायचा, आणि त्यापायी एक वावर इनाम खायचं. नाच चुकला की वावर भावकीत जायचं. पूर्वी त्या तुकड्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. मग साता समुद्रापार कुठं लढाई लागली, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि गावाला अचानक ती काळी माती दिसू लागली. सगळ्यांआधी दिसली ती पुतण्याला, देवीदासला.

"मान आधी फिरव, कंबर मंग. म्हातारा तसाच फिरे. कोपर बाहेर काढ, अजून. दुरून दिसलं पायजे."

"माय, पाय भरून आले," पदराआडून बारीक आवाज आला.

"भरू दे. वावर गेल्यावर आरामच आहे."

तेवढ्यात देवीदास दारात उभा राहिला. "काय काकू, तालीम जोरात?"

"पाह्यचं त पाह्य. नजर नोको लावू."

"सूर्यभान कवा आला अमरावतीहून? त्याच्या संगच्या गाड्या त वाटेतच हायेत. पटकीनं गाडीवान मरून राहिले म्हनते."

"तो आधीच निघाला. शिमगा सोडते का?"

"मंग बोलत काहून नाई?"

"घसा धरला. अरे, दादाले हात तरी जोड."

पदराआडून हात जोडले गेले.

"अन् शकुन कुठं गेली?"

"माहेरी, मोर्शीले. सुनेचं काम बी माह्यावरच पडलं."

देवीदास हसला. "मंग नाच बी तूच ना, काकू."

"बाईनं चाळ बांधले की घर वाळीत पडते. तुले तेच पायजे."

तो गेला. दुर्गाबाईनं क्षणभर भिंतीला डोकं टेकलं. मग म्हणाली, "पुन्हा."

शिमग्याच्या दुपारी पाटलाच्या दारापुढे ढोलकी कडाडली. तोंडाला हळद, नाकापर्यंत पदर, हे दंडारीतल्या बाईचं ठरलेलं सोंग. दुर्गाबाई बायकांत मागं उभी होती. पहिल्याच फेऱ्यात एक पाय हलका पडला आणि तिची बोटं पदराआड ठेका धरू लागली. मग कोपर बाहेर आलं, टाच दणकली, मान फिरली, मागून कंबर. माणसं खदाखदा हसली, कुणी शीळ घातली. रामराव पाटलानं नाचणाऱ्याच्या डोक्यावर पदरावरूनच पागोटं ठेवलं.

"या वर्सी वावर याच घराचं," तो म्हणाला.

देवीदास गर्दीतून काकूपाशी आला. तोंड कडू झालं होतं. "कच्चा नाचला, काकू. कुठून बाई वाटत नोयता. गडी तो गडीच."

"रस्त्याचा थकवा आहे. तो आताच परत निघते अमरावतीले, गाड्या आनाले."

"इतक्यात?"

"कापूस थांबते का कोनासाठी?"

घरी येऊन तिनं दार लावून घेतलं, कडी घातली. खाली बसून, नाचून सुजलेल्या पायांतले चाळ एकेक करून सोडले. कितीतरी वेळ ते पाय तिनं मांडीवरच धरून ठेवले.

"आता रड, शकुन," ती म्हणाली, आणि आपल्या पदरानं सुनेच्या कपाळावरचं कुंकू पुसलं.