चार शब्दांची अरबी

"कागद दाखव!" झ्विका ओरडला.

इस्रायली हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी असलेली माणसं गर्रकन वळली. समोर सत्तरीचा ज्यू म्हातारा. त्याच्यापुढे भरतकामाचा पायघोळ झगा घातलेली अरब म्हातारी, तिच्या हाताला सात वर्षांची नात. आणि म्हाताऱ्याची अरबी कसली, तर लष्करी नाक्यावरच्या शिपायाची! एक अरब टॅक्सीवाला तर बाह्या सरसावत गाडीतून उतरलाच.

"ओ आजोबा! बहिणीच्या वयाची बाई आहे ती. लाज आहे का?"

"असू दे रे बाळा," ती म्हातारी, रसमिया, म्हणाली. "त्याला अरबी येते ती एवढीच."

खरंच एवढीच यायची. पन्नास वर्षांपूर्वी फौजेत शिकवलेली चार वाक्यं. थांब. कागद दाखव. पिशवी उघड. घरी जा. दोन वर्षं झ्विका शांततावाल्यांच्या एका गटातर्फे, फुकटात, आपली गाडी घेऊन वेस्ट बँकच्या हद्दीवरच्या तरकुमियाच्या नाक्यावर यायचा, रसमियाला आणि तिच्या नातीला, रक्ताच्या कॅन्सरनं आजारी सिलाला, हॉस्पिटलात न्यायचा, परत सोडायचा. जी काय माया करायची ती याच शब्दांत. सिलाला चॉकलेट द्यायचं असलं की डोळे वटारून म्हणायचा, "पिशवी उघड!" चौथं वाक्य मात्र त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं.

रसमियाची हिब्रू काही फार वरची नव्हती. तरुणपणी अकरा वर्षं तिनं इस्रायलात एका ज्यू बाईकडे धुणीभांडी केली होती. त्या बाईचीच हिब्रू तिच्या तोंडी बसलेली, झटक्यांसकट. गाडीत बसली की झ्विकाला दम भरायची, "उशीर झाला! उद्यापासून येऊ नकोस!" मग दोघं पोट धरून हसायची.

टॅक्सीवाल्याच्या बाह्या खाली आल्या. "या अरबीवर शांतता आणणार का हे?"

"चार शब्दांत नाका चालतो," रसमिया म्हणाली. "शांततेला पाचवा लागेल. शिकवतेय मी, पण डोकं जरा जड आहे त्याचं."

सगळे हसले. रसमियाही हसली, पण झग्यात लपवलेला हात काही बाहेर येईना.

उपचार संपल्यावरचा सिलाच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट होता त्या हातात. दुभाषी नर्स आज रजेवर. डॉक्टर हिब्रूत भराभरा बोलला, त्यातला एकच शब्द तिच्या ओळखीचा निघाला. वाचता तर तिला येत नव्हतंच. लिफ्टमध्ये, जिन्यात, दारात वाचणारे पन्नास भेटले, पण तिनं कागद कुणाला दाखवला नाही. वाईट असेल तर परक्याच्या तोंडून नको.

"दाखव," झ्विका पुन्हा म्हणाला. या वेळी हळू.

तिनं कागद दिला.

झ्विका चष्मा शोधायला लागला. शर्टाचा खिसा, पँटचे दोन्ही खिसे, पुन्हा शर्टाचा. सिलानं त्याची टोपी उचलली. चष्मा टकलावर बसला होता.

तो वाचायला लागला. ओठ हलले आणि थांबले.

"थांबू नकोस रे मेल्या!"

"डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला, हज्जा?" त्यानं हिब्रूत विचारलं; हज्जा हा म्हाताऱ्या बाईला द्यायचा मान.

"नकी म्हणाला." रसमियाचा आवाज एकदम बारीक झाला. "नकी म्हणजे स्वच्छच ना? फरशी असते तसं? की डॉक्टरांचं नकी वेगळं असतं?"

झ्विकानं कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग चष्मा काढला.

"फरशीसारखंच, हज्जा. रक्त नकी. हाडातला मगजसुद्धा नकी. कुठे डाग नाही."

रसमिया मटकन पायरीवर बसली. अकरा वर्षं ती बाई फडताळावरून बोट फिरवायची, बोट डोळ्यांजवळ न्यायची आणि म्हणायची, नकी नाही, पुन्हा पूस. एकदा म्हणून तो शब्द धड पदरात पडला नव्हता. रसमियानं सिलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"नकी," ती म्हणाली. "देवा, तुझे उपकार. नकी."

टॅक्सीवाला उगाचच गाडीची काच पुसायला लागला.

दुपारी नाका आला. एरवी झ्विका गाडीतून उतरायचा नाही, आज उतरला. आभार कसे मानायचे ते रसमियानं वाटभर जुळवून बघितलं होतं. पण तिच्या हिब्रूत बादली होती, साबण होता, आभार नव्हते. त्या घरात ते कुणी उच्चारलेच नव्हते. शेवटी ती रोजचंच बोलली.

"उद्यापासून येऊ नकोस."

आज ते खरं होतं. कुणी हसलं नाही.

झ्विकानं टोपी काढली. आणि चौथं वाक्य बोलला, "घरी जा."

शिपायांच्या तोंडून हेच वाक्य ऐकून रसमिया या नाक्यावरून तीनदा माघारी फिरली होती. एकदा तर सिला तापानं फणफणत असताना. ती दोन पावलं परत आली.

"पुन्हा म्हण."

"घरी जा, हज्जा. पोरीला घेऊन घरी जा."

"किती गोड बोललास रे," ती म्हणाली आणि नातीचा हात धरून चालायला लागली.

झ्विका गाडीशी उभा राहिला. नाक्याच्या पलीकडे, रसमियाच्या मुलखात, तो शेवटचा गेला होता तेव्हा पायात फौजेचे बूट होते.

नाक्याच्या लोखंडी फिरत्या दारातून सिला पार झाली. रसमिया मध्येच थांबली. मागे लोक खोळंबले, कुणीतरी ओरडलंसुद्धा. ती वळली आणि त्या जुन्या बाईच्या आवाजात, बोट नाचवत, झ्विकावर खेकसली.

"आता तू ये आमच्याकडे! आणि पाय पुसून ये!"