एकेचाळीस झिरे

म्हाळसाबाईच्या पत्राला सांडूरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हाही दुष्काळच होता. भाच्याकडून लिहवून घेतलेलं साधं आंतरदेशीय: ‘आबा वारले. मेंढरांना पाणी नाही. वाटेवर कुठं उकरलं की पाणी लागतं ते आबांनी तुम्हाला सांगितलंय, दुसऱ्या कुणाला नाही. तुम्ही लिहून घेतलेले कागद लवकर पाठवा.’

कागद नव्हते, कॉम्प्युटरमधली एक फाईल होती. म्हाळसाबाईचे वडील मल्हारराव, म्हणजे पत्रातले आबा, मेंढरं घेऊन चिकलठाण्याच्या माळावर उतरले असताना सांडूराव तीन दिवस त्यांच्याजवळ जाऊन बसले होते. कोरड्या नाल्यांतले, वाळू उकरली की पाणी झिरपणारे एकेचाळीस झिरे म्हाताऱ्यानं तोंडपाठ सांगितले. कोणत्या झाडापासून किती पावलं, कोणत्या दिशेला, किती हात वाळू काढायची. ही माहिती बाप लेकाला देतो. पण लेक वाळूजच्या कारखान्यात गेले होते, आणि हा माणूस तर स्वतःहून विचारत होता.

आज शनिवारी सकाळी त्याच कॉम्प्युटरवर पुन्हा ती चौकट उगवली होती. नवी सिस्टिम आत्ता टाकायची की नंतर? सांडूराव आठ महिने ‘नंतर’ दाबत आले होते. खुर्चीमागं सून राजनंदिनी उभी होती. बाळंतपणानंतर तिला कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती, आणि सोमवारपासून कंपनीचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवर उघडणार नव्हता. तिच्या जागेवर डोळा ठेवून दोघं बसलेत, हे तिनं कालच सांगितलं होतं.

अडचण सांडूरावांची होती. ज्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर त्यांनी ते सगळं लिहिलं, ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. नव्या सिस्टिमवर ते चालणार नव्हतं. फाईल तशीच राहणार, पण उघडली तर अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा.

आधी छापून घ्या की, असं ती मागंही म्हणाली होती. छापणं अवघड नव्हतंच. पण एकदा छापलं की दुरुस्ती संपली. तीस वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात प्रुफं वाचली होती. मूळ प्रतीशी ताडून दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय पान टेबलावरून हलवायचं नाही, ही तिथली रीत त्यांच्या अंगात मुरली होती. इथं मूळ प्रत म्हणजे मल्हारराव. पळसापासून वीस पावलं की बावीस, हे विचारायला जायचं जायचं म्हणेपर्यंत मल्हारराव गेले.

‘एक वाचन राहिलंय,’ ते पुटपुटले.

‘कशाशी ताडून वाचणार, मामा?’

सांडूरावांनी शब्दकोशात ठेवलेलं पत्र काढून तिच्या हातात दिलं. आजवर ते त्यांनी घरात कुणाला दाखवलं नव्हतं. राजनंदिनीनं ते वाचलं, वरची तारीख पाहिली आणि पुन्हा वाचलं.

‘त्या बाईला मेंढरांना पाणी पाजायचं होतं,’ ती म्हणाली. ‘पुस्तक काढायचं नव्हतं.’

पत्राखाली भाच्यानं आपला नंबर लिहिला होता. सांडूराव नको नको म्हणेपर्यंत तिनं तो फिरवला आणि फोन त्यांच्यापुढं धरला. भाच्यानंच, बिभीषणनं, उचलला. मागं यंत्रांचा खडखडाट होता. तोही आता वाळूजलाच कामाला होता. सांडूरावांनी कसंबसं नाव सांगितलं. कागद अजून आहेत, पाठवू का, म्हणून विचारलं.

‘मेंढरं त्याच उन्हाळ्यात गेली, साहेब. निम्मी मेली, निम्मी इकली. आता तुमचे कागद काय चाटायचे का?’

मग बिभीषणचा आवाज जरा उतरला.

‘आत्याच्या नावानं पाठवा. ती लई दिवस पोस्टमनला इचारीत व्हती. आता इचारीत नाय.’

कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. तेवढ्यात खाली ‘नळ आला, नळ आला’ असा गलका झाला. आठव्या दिवशी पाणी आलं होतं. राजनंदिनी पाइप घेऊन जिन्यानं पळाली.

सांडूराव एकटे उरले. त्यांनी फाईल उघडली. पळसाच्या ओळीवर सवयीनं बोट थांबलं. वीस की बावीस? त्यांनी प्रिंटरची कळ दाबली. एकेक पान बाहेर येत गेलं आणि ते प्रत्येक पान न वाचता पालथं ठेवत गेले. नऊ पानं झाली. मग त्यांनी ‘आत्ता’वर टिचकी मारली. पडदा काळा झाला.

सोबत चार ओळी लिहायला ते बसले. ‘आपलं पत्र मिळालं’ एवढं लिहून झालं. पुढं काय लिहावं ते कळेना. आबा वारल्याचं दुःख झालं, हे सहा वर्षांनी कसं लिहायचं? त्यांनी खाली सही केली.

पोस्टात रांग नव्हती. खिडकीतल्या कारकुनानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, पत्ता वाचला, गावाच्या नावावर बोट ठेवलं.

‘काका, साधं टाकायचं का स्पीडनं? घाईचं हाय का?’

सांडूरावांनी पाकिटावरच्या म्हाळसाबाईच्या नावाकडं पाहिलं.

‘घाईचं आहे,’ ते म्हणाले.