दाभाडे सरांची वेळ

वृंदाने लँडलाइनचा रिसीव्हर उचलला आणि पुन्हा ठेवून दिला. रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोबाइलला बंदी, त्यामुळे 'रेंज नव्हती' ही सबबही तिच्या हाताशी नव्हती.

सकाळी दक्षिणेच्या आकाशातलं एक कृष्णविवर अचानक भडकलं होतं. अवकाशातली दुर्बीण दुपारी त्याच्याकडे बघणार होती. त्याच वेळी जमिनीवरूनही बघितलं, तरच दोन्हींचा मेळ बसला असता. भडका ओसरायला काही वेळ लागत नाही. संचालकांची परवानगी तर आलीच होती. पण दुर्बिणीवरची आजची दुपारची वेळ दाभाडे सरांना दिलेली होती. तिला दुर्बीण हाताळायला शिकवलं ते त्यांनीच. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि उत्तरेकडच्या त्यांच्या लाडक्या दीर्घिकेचं हे शेवटचं निरीक्षण होतं. ज्याची वेळ घ्यायची त्याला आधी स्वतः फोन करायचा, हा इथला रिवाजही त्यांनीच पाडलेला.

शेवटी मन घट्ट करून तिने कंट्रोल रूमचा नंबर फिरवला.

"सर, आजची तुमची वेळ..."

"कृष्णविवराला हवीय ना? मग घे की."

"पण सर, तुमची दीर्घिका?"

"ती कुठे पळून जातेय? पुढच्या वर्षी तू बघ आणि मला कळव. फोन केलास, बरं केलंस. आता जरा खिडकीबाहेर बघ."

तिने पडदा सारला. कांद्याच्या शेतापलीकडची दुर्बिणीची अजस्र डिश केव्हाच उत्तरेकडे पाठ फिरवून उभी होती.