पाहुणीशी अंतिम सामना

त्या काळी बाहेरच्या खेळाडूंची सोय घरोघरी करत. नागपूरच्या बॅडमिंटन स्पर्धेत इंडोनेशियाची सुमार्ती आमच्या घरी उतरली. अंतिम सामना तिच्या-माझ्यातच ठरला, तरी सामन्याच्या दिवशी आई तिलाच आग्रहाने पुरणपोळ्या वाढत होती.

सामन्यात सुमार्तीला लवकरच धाप लागली. आणखी एक गुण मिळवला की करंडक माझा होता. तेवढ्यात प्रेक्षकांतून आई ओरडली, "कार्टे, जरा हळू मार! पाहुणी आहे ती!"

सगळे हसले. मलाही हसू फुटलं आणि शटल जाळीत गेलं. तिथून सुमार्तीने सामना फिरवला.

पुढे ती तिच्या देशाची विजेती झाली. पुन्हा नागपूरला आली, तेव्हा संयोजकांनी तिला झकास हॉटेल दिलं होतं. ती मात्र थेट आईच्या स्वयंपाकघरात शिरली.

हॉटेलातल्या त्या खोलीत मग मी राहायला गेले.