सरदारणीचं ताट

“यापेक्षा मागच्या महिन्यातला कथासंग्रह बरा! एखादी कथा नाही आवडली तर पुढची तरी वाचता यायची,” म्हणत कर्णिकबाईंनी कादंबरी सतरंजीवर आपटली. वाचक मंडळातल्या बायका खदखदून हसल्या. केतकीही ओढूनताणून हसली. टोपणनावानं छापलेली ती ऐतिहासिक प्रेमकथा तिनंच लिहिली होती आणि शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

“आणि हे काय खूळ?” कर्णिकबाई थांबेनात. “म्हणे नवरा मोहिमेवरून परतेपर्यंत सरदारीण त्याचं उष्टं ताट घासत नाही! कुठल्या बखरीत आहे ही रीत? जीव ओवाळून टाकणारा दुसरा दारात उभा, अन् ही बया ताट कवटाळून बसलीय!”

रीत बखरीतली नव्हतीच. सासरे भांडून घर सोडून गेले, त्या दिवशीचं त्यांचं ताट सासूबाईंनी आजवर घासलं नव्हतं. फडताळात फडक्याखाली झाकलेलं ते ताट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

“माई, तुमचं मत?” कुणीतरी विचारलं.

“सांगते सावकाश,” केतकीकडे रोखून बघत सासूबाई उठल्या.

घरी पोचल्या तशा चपला काढून थेट फडताळापाशी गेल्या आणि ताट घेऊन मोरीत बसल्या. केतकी दारातच खिळली.

“तुझ्या सरदारणीला एवढी वाट कशाला गं बघायला लावलीस?” म्हणत त्यांनी खसाखसा ताट घासायला घेतलं.