कविता परत हवी

"छापू नका. माझी कविता मला परत द्या," मी म्हणालो.

चहात बुडवलेलं बिस्किट संपादक खांबेट्यांच्या हातातून तिथेच गळून पडलं. त्यांच्या भयकथांच्या छोट्याशा दिवाळी अंकासाठी मी वर्षानुवर्षं त्यांचे उंबरे झिजवले होते. प्रत्येक वेळी लिखाण साभार परत. यंदा पहिल्यांदाच त्यांनी कविता घेतली होती, आणि आता मीच नको म्हणत होतो.

"अहो, काय जबरदस्त लिहिलंय! आभाळापलीकडे काहीतरी अवाढव्य निजलंय आणि आपण त्याला हाका मारतोय. मग आता कुठे बिनसलं?"

"काल ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्याला वरून हुंकार आला. मी तिथेच कागद मिटला."

खांबेटे हसले. "मोठ्याने म्हणता कशाला? आमचे वाचक मनातल्या मनातच वाचतात."

तेवढ्यात आतल्या खोलीतून माझीच ओळ खणखणीत आवाजात ऐकू आली. त्यांच्या घरी प्रुफं अशीच तपासायचे. बहीण मोठ्याने वाचायची आणि बायको मूळ कागदाशी ताडून पाहायची. शेवटचं कडवं चाललं होतं.

मी आत धावलो. दारात पोचेपर्यंत कविता संपली होती, तरी त्याच लयीत पुढची ओळ आली, मग आणखी एक. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"वन्सं, थांबा हो जरा," कागदातून डोकं वर न काढता बायको म्हणाली, "ही ओळ माझ्या कागदावर नाहीच."

बहिणीने केव्हाच दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.